कडेपर्यंत गूळ

गुळाची पोळी बिघडते ती बहुधा दोन तऱ्हांनी. एक म्हणजे गूळ मध्यभागी बसून राहतो आणि कडेला दोन बोटं नुसतं कडक आवरण उरतं. दुसरी म्हणजे पोळी तव्यावर फुटते, गूळ बाहेर येऊन जळतो आणि पुढच्या प्रत्येक पोळीच्या पाठीवर त्याचे काळे ठिपके उमटत जातात. विकतच्या पोळीची तिसरी तऱ्हा. ती कुठेच बिघडलेली नसते, पण तीळ शोधावा लागतो. आमच्या पुण्याच्या घरात पोळीची परीक्षा एकच होती. कडेचा तुकडा मोडायचा. तिथे गूळ लागला तर जमली. गोल झाली की नाही, डाग पडले की नाही, ही चर्चा पाहुण्यांसाठी.

ही परीक्षा घ्यायला मी लहानपणापासून तयार असे. पोळी करायला बसलो तो मात्र सोलापुरात. बँकेने बदली केली, जानेवारीत रजा मिळण्यासारखी नव्हती आणि आत्या त्याच गावात. ती मूळची पुण्याची. लग्न होऊन सोलापूरला गेली त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. त्यामुळे तिच्याकडे संक्रांतीला दोन पोळ्या होतात, माहेरची गुळाची आणि सासरची शेंगापोळी. त्याच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ लावलेली बाजरीची भाकरी. गुडघ्यांमुळे तिला आता ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही. मी फोनवर म्हटलं, "आत्या, ह्या वर्षी पोळी खायला तुझ्याकडे." ती म्हणाली, "खायला कशाला, करायलाच ये की. मी स्टुलावर बसते."

सोलापुरात संक्रांत म्हणजे गड्डा. ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वरांची यात्रा ह्याच दिवसांत भरते. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले शिवयोगी. त्यांच्या योगदंडाशी एका कुंभारकन्येचा विवाह झाला अशी कथा आहे आणि तोच विवाह गाव दरवर्षी पुन्हा लावतं. भोगीच्या आदल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, भोगीला अक्षता, संक्रांतीला होम. सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या पेलत मानकरी निघतात, अंगात पांढरीशुभ्र बाराबंदी. आत्याच्या यजमानांची, म्हणजे काकांची, बाराबंदीही इस्त्री होऊन खुर्चीच्या पाठीवर टांगलेली होती. स्वयंपाकघराचं वेळापत्रक ह्या सगळ्याला बांधलेलं असतं. भोगीच्या भाकऱ्या अक्षतेला निघायच्या आत व्हायला हव्यात. पोळ्यांना संक्रांतीची दुपार.

तयारी तैलाभिषेकाच्या संध्याकाळीच सुरू झाली, कारण गुळाचा गोळा चांगला मुरायला हवा. वाण्याकडे दोन ढेपी होत्या. दिसायला दोन्ही सारख्याच पिवळ्या. आत्याने सांगून ठेवलं होतं, नख लावून बघ. एकीत नख रुतेना, तो चिक्कीचा गूळ. त्याचा पाक गार झाला की कडकन मोडण्याइतका घट्ट होतो. चिक्कीला तेच हवं असतं, पण पोळीत तो तव्यावर वितळतो आणि डब्यात पुन्हा दगड होतो. दुसऱ्या ढेपीत नख सहज गेलं. तो अर्धा किलो घेतला. शेजारी काळपट, 'बिनरसायनाचा' म्हणून विकायला ठेवलेला गूळही होता. चवीला तो मला जास्त आवडतो. पण तिथे होता तो ओलसर आणि चिकट होता, आणि आत्याच्या मते असला गूळ आमटीत घालावा, पोळीत नव्हे.

गूळ बारीक किसायचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. सुरीने चिरलेल्या गुळात खडे राहतात, आणि वाटाण्याएवढा एक खडा लाटताना आवरण फाडायला पुरतो. मग वाटीभर तीळ. आत्याकडे पॉलिश न केलेले, जरा मळकट दिसणारे तीळ असतात. ते मंद आचेवर भाजायचे. तडतडायला लागले आणि एक तीळ बोटात चुरडून बघितल्यावर खमंग वास आला की लगेच खाली. तिळात निम्मं तेलच असतं, त्यामुळे भाजण्यात दोन मिनिटं जास्त गेली की कडवटपणा येतो, आणि तो कडवटपणा कितीही गूळ घातला तरी झाकला जात नाही. पाव वाटी खसखस वेगळी भाजून कुटायची. अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस भाजून हाताने चुरायचा. तीळ मिक्सरमधून फिरवायचे ते थांबत थांबत, नाहीतर कुटाऐवजी तिळाचं लोणी निघतं.

पाऊण वाटी बेसन तेलात भाजायचं, तांबूस होईपर्यंत. मी विचारलं, तुपात का नको? आत्या म्हणाली, "तूप थंडीत थिजतं. सकाळी गोळा हातात घेशील तेव्हा दगड झालेला असेल." बेसनाचं काम मला तोवर कधी कळलं नव्हतं, चवीसाठी घालत असावेत असं वाटायचं. ते मुख्यतः धरून ठेवायला असतं. तव्यावर गूळ पातळ होतो, तिळाचं तेल सुटतं, आणि हे दोन्ही शोषून घेऊन सारण जागेवर ठेवणारं तिथे बेसनच असतं. ते कमी पडलं की पोळी गळते. जास्त झालं की पोळी बेसनाच्या लाडवाच्या चवीची होते आणि टाळूला चिकटते.

सगळं परातीत एकत्र करून मळलं. जायफळ किसून घातलं, वेलची घातली. आत्या डोळे अर्धवट मिटून, तांदूळ निवडावेत तशी, बोटांनी गुळातले खडे शोधत होती. एकेक सापडला की तळव्याच्या टाचेने चिरडायचा. गोळा झाला तो झाकून ओट्यावरच ठेवला. फ्रिजमध्ये नाही.

भोगीला सकाळी अंगावर शाल लागते आणि दुपारी पंखा, असं तिथलं हवामान. बाजरीचं पीठ आत्याने आठवड्याच्या आतच गिरणीतून आणलं होतं, तेही मोजकं. बाजरीत स्निग्धांश बराच असतो आणि दळल्यावर तो लवकर खवट होतो. पंधरा दिवसांचं पीठ नुसतं हुंगलं तरी कळतं. पुण्यात आपण पाकिटातलं बाजरीचं पीठ आणतो आणि बाजरी मुळातच कडू असते असं समजतो. ताज्या पिठाची भाकरी चक्क गोडसर लागते.

बाजरीत गव्हासारखा चिवटपणा नाही. पोळीची कणीक गार पाण्यातही एकजीव होते, ताणली जाते, लाटणं सोसते. बाजरीच्या पिठाला तसं धरून ठेवणारं काही नसतं, म्हणून त्याला आधण लागतं. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो, आणि तो चिकटपणा आणि हाताचा जोर ह्या दोनच गोष्टींवर भाकरी उभी असते. काठवटीत एका भाकरीपुरतं पीठ घ्यायचं, मध्ये खळगा करून कढत पाणी घालायचं, आधी चमच्याने आणि मग हात सोसेल तसं मळायचं. दोन-तीन भाकऱ्यांचं एकदम मळून ठेवलं की शेवटचा गोळा वाळतो. म्हणून एक भाकरी, एक मळणं.

मी थापायला घेतली. अर्धी होईपर्यंत छान गोल होती, मग कडेला तडे जायला लागले. मी कडा बोटांनी लिंपत होतो. आत्या स्टुलावरून म्हणाली, "काय करायलास? मोड ती आणि परत मळ. तडा कडेला दिसतो, पण तो मळण्यातला असतो." परत मळली, पाण्याचा एक हात लावून, तळव्याच्या टाचेने पुढे ढकलत, चांगली रगडून. ह्या वेळी गोळा हाताला गुळगुळीत लागला आणि कडा आपोआप शाबूत राहिल्या. थापत आल्यावर वरून तीळ पेरायचे आणि हलक्या हाताने बसवायचे. जोर लावला तर तीळ पिठात बुडतात आणि भाजले जात नाहीत.

भाकरी उचलून तव्यावर टाकणं हा भाग शब्दांत शिकवता येत नाही. खालची पिठाची बाजू वर येते, तिळाची बाजू तव्याला लागते. वरच्या कोरड्या पिठावर लगेच ओला हात फिरवायचा. हे पाणी पूर्ण सुकायच्या आत भाकरी उलटायची. सुकू दिलं की पृष्ठभागाला भेगा पडतात आणि मग भाकरी फुगत नाही, कारण वाफ त्या भेगांतून निघून जाते. दुसरी बाजू नीट भाजली की तवा बाजूला करून तिळाची बाजू थेट जाळावर. तीळ तडतडतात, पापुद्रा सुटतो, घरभर वास. माझ्या भाकऱ्या फुगल्या, पण जाडीला आत्याच्या दीडपट होत्या. काकांनी काही न बोलता तिचीच घेतली.

भोगीच्या भाजीबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. मंडईत त्या सकाळी भोगीचे तयार वाटेच मिळतात: वांगी, गाजर, पावटे, घेवडा, सोलाणे, ओल्या शेंगा, बोरं, उसाचे चार करवे. आत्या त्यात तिळाचं कूट आणि सोलापुरी काळं तिखट घालते. सोबत मुगाच्या डाळीची खिचडी, भाकरीवर लोण्याचा गोळा आणि बाजूला कुटलेली शेंगाचटणी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' हे वाक्य जेवताना कुणीतरी म्हणतंच. त्या वर्षी काका म्हणाले आणि बाराबंदी चढवून अक्षतेला गेले. हा विवाह जिथे लागतो त्या संमती कट्ट्यापर्यंत मी पोचलोच नाही. गर्दी अलीकडच्या रस्त्यावरच इतकी होती की लोकांनी तिथूनच अक्षता उधळल्या, मीही उधळल्या आणि परत फिरलो.

संक्रांतीला सकाळी आत्याने आधी शेंगापोळीचं सारण करायला लावलं. शेंगदाणे मंद आचेवर भाजून, सालं पाखडून, जाडसर कूट. इथे एक गंमत आहे. सोलापूरची शेंगाचटणी चांगली होते ती उखळात कुटून शेंगदाण्याचं तेल सुटतं म्हणून. पोळीला तेच तेल सुटलं तर सारण ओशट होतं आणि लाटताना कडेने बाहेर पडतं. त्यामुळे एकाच घरात त्याच शेंगदाण्यांना दोन उलट वागणुकी. कूट जितकं, त्याहून जरा कमी किसलेला गूळ, वेलची, थोडे भाजलेले तीळ. मुठीत दाबल्यावर गोळा झाला आणि बोटाने ढकलल्यावर मोडला की बरोबर.

मग गुळाच्या पोळीची कणीक. तीन वाट्या कणीक, एक वाटी मैदा, पाव वाटी बेसन, चवीपुरतं मीठ आणि चार मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. मोहन पिठाला चोळून घेतलं आणि पुरीसारखं घट्ट भिजवून तासभर झाकून ठेवलं. मोहनामुळे आवरण खुसखुशीत होतं, त्याचा चिवटपणा मोडतो. मोहन न घातलेली पोळी गार झाली की ओढून तोडावी लागते.

आणि इथे आत्याने ती गोष्ट दाखवली ज्यासाठी मी हे सगळं लिहितोय. एका हातात कणकेचा गोळा, दुसऱ्या हातात गुळाचा. दोन्हींवर एकाच वेळी अंगठे दाबायचे. अंगठा दोन्हीकडे सारखाच रुतला पाहिजे.

दोन रात्री मुरलेला गूळ सकाळच्या गारव्यात घट्ट झाला होता. माझा अंगठा कणकेत गेला, गुळात जाईना. अशा वेळी लाटलं तर कणीक पुढे सरकते आणि गूळ मागे राहतो. कोरडी कड येते ती ह्यामुळे. मग आपण जोर लावून लाटतो आणि आवरण मध्येच पातळ होऊन फाटतं. उलट गूळ जास्त सैल असेल तर लाटण्याच्या पहिल्याच दाबाला तो कडेकडे पळतो आणि जोड उघडतो. म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या दोन्ही तऱ्हांचं मूळ एकच, दोन गोळ्यांच्या मऊपणातला फरक. वर्षानुवर्षं मी ऐकत आलो होतो की अमकीच्या हाताला पोळी जमते, तमकीच्या जमत नाही. हात वगैरे ठीक आहे. पण अमकी बहुधा दोन्ही गोळे चाचपून बघत असणार आणि ते कुणाला सांगत नसणार.

गूळ घट्ट असेल तर तेलाचा हात लावून परत मळायचा. फारच घट्ट असेल तर चमचाभर कोमट दूध. दूध घातलं की पोळी टिकते कमी, म्हणून तो शेवटचा उपाय. गूळ सैल असेल तर भाजलेलं बेसन किंवा तिळाचं कूट. आम्ही तेल लावून मळला. शिवाय दहा वाजेपर्यंत ऊन वर आलं, स्वयंपाकघर तापलं, आणि निम्मं काम त्यानेच केलं. तोवर आत्या मुद्दाम थांबली होती. सकाळी सातला पोळ्या लाटायला घेणाऱ्या शेजारच्या सुनेबद्दल तिचं मत तिने मला ऐकवलं. ते इथे लिहीत नाही.

पुरणपोळीचा उंडा करतात तसा ह्या पोळीचा करायचा नाही. उंड्यात कणकेच्या चुण्या एका जागी गोळा होतात, तिथे आवरण जाड राहतं. पुरण मऊ असतं, त्याला ते चालतं. गुळाला नाही. म्हणून कणकेच्या दोन लहान लाट्या, पुरीएवढ्या लाटून, मध्ये गुळाची चपटी लाटी. गुळाची लाटी वजनाला कणकेच्या एका लाटीपेक्षा जास्तच हवी, साधारण दीडपट. कडा दाबून बंद करायच्या. पोळपाटावर तांदळाची पिठी, कारण कणीक लावली तर ती पोळीत मुरते आणि तव्यावर जळते. पिठी झटकता येते. लाटणं मध्यापासून कडेकडे, उचलून परत मध्यापासून. मागेपुढे घासायचं नाही. पोळी अर्धपारदर्शक दिसायला लागते, आतून गुळाचा तांबूस रंग आणि तिळाचे ठिपके दिसतात, आणि तो रंग कुठवर गेलाय हे बघत लाटत राहायचं. एवढं करूनही जी अर्धा बोट कोरडी कड उरते ती कातण्याने गोल फिरवून काढून टाकायची. आई कातणं वापरते हे मला माहीत होतं. मी समजत होतो ते शोभेसाठी.

तवा मध्यम आचेवर. पोळी टाकली की तिला दाबायचं नाही, फुलक्यासारखी फिरवायची नाही. एक बाजू झाली की एकदाच उलटायची. गूळ वितळला की पोळी नरम पडते आणि उलथण्यावर लोंबते. एका हाताने उचलायला गेलात तर मधोमध मोडते. काढताना कागदावर अलगद सरकवायची. आत्या पहिली पोळी नेहमी लहान करते, बशीएवढी. ती चवीसाठी आणि तव्याचा अंदाज घेण्यासाठी. त्या पोळीतून गूळ थोडा बाहेर आला. तिने उलथण्याच्या कडेने तवा खरवडला, ओल्या फडक्याने पुसला, आच जरा कमी केली आणि मला पुढची टाकायला सांगितली. दर पोळीनंतर तवा पुसणं, गूळ गळलेला दिसो वा न दिसो, हा तिचा नियम. फडकं तव्यावर चर्र वाजतं आणि हात भाजायची शक्यता प्रत्येक वेळी असते. तरी ते टाळू नये.

गरम पोळ्या एकावर एक ठेवायच्या नाहीत. वाफेने त्या एकमेकींना चिकटतात आणि मग सुटत नाहीत. दिवाणखान्यातल्या पलंगावर वर्तमानपत्रं, त्यावर कोरा कागद, त्यावर पोळ्या पसरलेल्या. बसायला जागा नाही. तव्यावरून उतरताना मऊ असलेली पोळी दहा मिनिटांत कडक होते. काकांना गरम आवडते, मला गार. गार पोळीवर रवाळ तूप घालून बोटाने मोडताना ती कुरकुरीत तुटते आणि गूळ तोंडात गेल्यावर विरघळतो. गरम पोळीत ह्यातलं काहीच होत नाही, नुसता गोड चटका बसतो. काकांना हे पटलं नाही.

मी लाटलेल्यातल्या बऱ्याच पोळ्यांत गूळ कडेपर्यंत गेला होता. दोन-तीन तव्यावर गळल्या. त्या आत्याने बाजूला काढून आधी आम्हालाच वाढल्या.

शेंगापोळी त्या मानाने निवांत. सैल कणीक, पुरणपोळीसारखा उंडा, लाटायची जराशी जाड आणि भाजायची अगदी मंद आचेवर, दोन्हीकडून तेल सोडत. शेंगदाण्याचं कूट गूळ धरून ठेवतं, त्यामुळे फुटायची भीती नाही. अंगठ्याची परीक्षा इथे लागत नाही. आत्याने दोन गोळे दाबूनही बघितले नाहीत. मी बोलत बोलत लाटल्या आणि सगळ्या नीट झाल्या. दुधाबरोबर खाल्ली. आता हे पुण्यात बोलायची सोय नाही, पण रोजच्या खाण्याला शेंगापोळी जास्त चांगली आहे. पोट भरतं, दात दुखत नाहीत, आणि शेंगदाण्याचा खमंगपणा गुळाच्या गोडीला मोडतो. गुळाची पोळी दीडच्या वर खाता येत नाही. फक्त तिच्यात जायफळ आणि तिळाचा जो वास असतो तो शेंगापोळीत नाही, आणि वर्षातून एकदा मला तोच हवा असतो.

कातण्याने कापलेल्या कडांचा ढीग झाला होता. त्यात थोडा गूळ चिकटलेला. आत्याने त्या गोळा केल्या, परत मळल्या, जाडसर लाटून शंकरपाळ्या कापल्या आणि तेलात तळल्या. तळताना आच बारीक ठेवावी लागते, गूळ लवकर काळा होतो. चहाबरोबर त्या पोळीच्या आधी संपल्या.

किंक्रांतीला काही नवीन करायचं नाही. भोगीला झाकून ठेवलेली भाकरी त्या दिवशी खातात. बाजरीची भाकरी तिसऱ्या दिवशी कडक होते, ती कुस्करून दह्यात कालवली आणि वर कच्चं तेल घातलेली शेंगाचटणी. त्या रात्री गड्ड्यावर शोभेचं दारूकाम होतं. ते गच्चीवरून थोडंफार दिसलं.

दुसऱ्या दिवशी ओळखीचे एकजण पुण्याला निघाले होते, त्यांच्याबरोबर डबा पाठवला. तळाशी कागद, दर दोन पोळ्यांमध्ये कागद, वरून कागद, कारण गूळ हवेतला ओलावा ओढतो आणि डब्यात मोकळी जागा राहिली की पोळ्या आपटून मोडतात. अशा बांधलेल्या पोळ्या आठ-दहा दिवस सहज राहतात. शेंगापोळ्या चार-पाच दिवसांत संपवाव्यात, पुढे शेंगदाण्याला वास येतो. संध्याकाळी आईचा फोन आला. कडा मोडून बघितल्या होत्या. "गूळ आहे कडेपर्यंत. बेसन जरा जास्त झालंय. आणि वन्संनी खसखस भाजून कुटली ना? मी अख्खीच घालते." मी हे आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, "अख्खी घातली की दातात अडकते म्हणून सांग तिला."

रथसप्तमीपर्यंत तिळगुळाचे दिवस असतात, त्यामुळे माझ्या भाड्याच्या खोलीत मी एकट्याने पुन्हा घाट घातला. बेसन अर्धी वाटी घेतलं, खसखस निम्मी अख्खी आणि निम्मी कुटलेली. तोवर थंडी कमी झाली होती; सकाळीच अंगठा गुळात कणकेपेक्षा खोल गेला. दोन चमचे तिळाचं कूट घालून परत मळला आणि लाटायला घेतलं. खोलीत पलंग एकच होता आणि त्यावर बँकेचे कागद होते, म्हणून पोळ्या वाळायला खिडकीच्या कट्ट्यावर.